लिंकनची पापणी रात्रीत उघडते: व्हॅक्यूमची गळती कुठे शोधायची

"अहो, तुमची म्हातारी पुन्हा डोळा मारतेय."

कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गॅरेजमधून जाताना बायकोने हे सांगितलं की माझा शनिवार गेलाच म्हणून समजायचं. म्हातारी म्हणजे आमची १९७८ सालची लिंकन कॉन्टिनेंटल मार्क फाइव्ह. आदल्या संध्याकाळी दोन्ही पापण्या, म्हणजे हेडलाइटवरची झाकणं, मिटून शहाण्यासारखी उभी केलेली, आणि सकाळी उजवी पापणी अर्धी वर. दोन दिवसांनी डावीही. गाडी सुरू केली की दोन्ही गुपचूप मिटतात, बंद केली की रात्रीतून पुन्हा तेच. दोन उन्हाळे मी या दुखण्याच्या मागे होतो आणि त्यातला पहिला उन्हाळा पूर्ण चुकीच्या दिशेने घालवला. मिशिगनमध्ये आणि इतरत्र आपल्यापैकी काही जणांना या जुन्या अजस्र गाड्यांचं वेड आहे, आणि एकच तक्रार वर्षातून दोन-तीनदा कोणी ना कोणी फोनवर सांगतं. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्क थ्री, फोर आणि फाइव्ह या १९६८ ते १९७९ दरम्यानच्या लिंकन गाड्यांना समोरून पाहिलं तर हेडलाइट दिसतच नाहीत. मधोमध रोल्स-रॉइसच्या वळणाची उभी जाळी, आणि दोन्ही बाजूंना गाडीच्याच रंगाची सपाट झाकणं. दिवे लावले की झाकणं वर जातात. मी त्यांना पापण्या म्हणतो. सत्तरच्या दशकातल्या लिंकन कॉन्टिनेंटल सेडानला, मर्क्युरी मार्क्विसला आणि १९७७ ते ७९ च्या थंडरबर्डलाही असल्याच पापण्या होत्या. नळ्यांची मांडणी गाडीगणिक थोडी बदलते, पण शोधायची रीत तीच.

या पापण्या विजेच्या मोटरवर चालत नाहीत, आणि इथेच अर्धे लोक फसतात. माझ्याकडे एक जण फ्यूज तपासून, रिले बदलून मग आला होता. इंजिन चालू असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांत, जी पोकळी म्हणजेच व्हॅक्यूम तयार होते, ती या गाडीत नोकरासारखी राबवली आहे. एसीच्या आतले पडदे तीच हलवते, ब्रेकला जोर तीच देते, गियर टाकला की पार्किंग ब्रेक आपोआप सुटतो तोही तिच्याच जिवावर, आणि पापण्याही तीच मिटते. साडेसहा-साडेसात लिटरच्या व्ही-एट इंजिनाला व्हॅक्यूमची काय कमी! फुकट, बिनआवाजी, आणि झटका न बसता हळूच मिटणारी पापणी. पावणेसहा मीटरांहून लांब आणि दोन टनांहून जड गाडीला शोभेल अशी ऐट. आपली पद्मिनी चार मीटरांच्या आत आटपायची, हे आठवलं की हसू येतं.

वाट अशी आहे. इंजिनातून एक नळी निघते. तिच्यावर एकमार्गी झडप असते, ती हवा इंजिनाकडे जाऊ देते पण परत येऊ देत नाही. पुढे टाकी, म्हणजे पोकळी साठवायचा डबा. तिथून नळी डॅशबोर्डवरच्या हेडलाइटच्या स्विचमागे जाते, कारण त्या स्विचच्या पाठीवर विजेच्या जोडणीबरोबरच व्हॅक्यूमची छोटी झडपही बसवलेली असते. तिथून परत पुढे, पापणीमागच्या डबीपर्यंत. या डबीला पुस्तकात व्हॅक्यूम मोटर म्हटलंय, पण मोटर वगैरे काही नाही. पत्र्याची चपटी डबी, आत रबरी पडदा, पडद्याला जोडलेला दांडा, संपलं.

पोकळी असेल तोवर पापणी मिटलेली, पोकळी गेली की स्प्रिंग तिला उघडते. हे मुद्दाम असंच केलंय. १९६९ पासून अमेरिकेत असा नियम लागू झाला की दिवे झाकणाऱ्या यंत्रणेची शक्ती गेली तरी उघडलेले दिवे उघडेच राहिले पाहिजेत. भर रात्री हायवेवर नळी फुटली आणि गाडीने डोळे मिटले तर काय होईल, याचा विचार कोणीतरी केला होता. तेव्हा उघडलेली पापणी म्हणजे सुरक्षिततेचा बंदोबस्त नीट चालू असल्याची खूण. बिघाड एवढाच की कुठूनतरी हवा आत शिरतेय.

आता पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: किती वेळात? इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत पापण्या उठल्या तर भोक मोठं आहे. नळी निसटलीय, डबीचा पडदा फाटलाय किंवा एकमार्गी झडप नावापुरतीच उरलीय. रात्रभरात उठल्या तर गळती बारीक, आणि हीच शोधायला त्रासाची. आठवडाभर मिटलेल्या राहून मग उठल्या तर गाडीला नमस्कार करा आणि घरात जाऊन चहा घ्या. पंचेचाळीस वर्षांहून जुन्या रबराने आठवडा धरला यातच सगळं आलं. नव्या गाडीसारखं महिनाभर मिटून राहायला पाहिजे असा हट्ट धरणारे मी पाहिलेत, आणि त्यांची गाडी कधी रस्त्यावर दिसत नाही.

दुसरा प्रश्न: कोणती पापणी आधी उठते? आणि इथेच मी आपटलो.

उजवी आधी उठायची, म्हणून उजव्या डबीचा पडदा गेला असा माझा सरळ हिशोब. एका गॅरेजवाल्यानेही मान डोलावली. नवी डबी मागवली, पुढचा भाग सोडवला, बोटं सोलून घेतली, डबी बसवली. चार दिवस मी खूश, कारण इतकी खटपट केल्यावर गाडी रोज चालवत होतो. पाचव्या दिवशी उभी ठेवली आणि सकाळी उजवी पापणी पुन्हा वर.

दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. वुडवर्ड ड्रीम क्रूझ, १९९५ पासून चाललीय. त्या दिवशी गाडी लावून खुर्ची टाकून बसलं की माणसं आपणहून येतात. कोणाच्या काकांकडे फॅशन डिझायनर बिल ब्लासच्या नावाची पांढरी आवृत्ती होती, कोणाला १९७६ च्या मार्क फोरमधली डिझायनर आवृत्ती पूचीची की जिव्हाँशीची एवढंच आठवत नसतं, पण आतल्या कापडाचा रंग आठवत असतो. मागच्या काचेशेजारची ती लंबगोल खिडकी, ऑपेरा विंडो, तिच्यातून बाहेर बघत प्रवास केलेली मुलं आता साठीला आलीत. डॅशबोर्डवरच्या कार्टियेच्या घड्याळाला हात लावू का, असं विचारतात. एक जण शेजारी उभी असलेली आठ पॉइंट दोन लिटरची १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो सोडून माझ्या गाडीकडे आला, म्हणाला, "तिला डोळे आहेत, पण पापण्या नाहीत." मला ते पटलं.

त्यातच एक आजोबा आले. लिंकनच्या विक्सममधल्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेले. हा कारखाना १९५७ ते २००७ चालला, आणि मार्क फाइव्ह तिथेच बनायची. माझी कहाणी त्यांनी ऐकून घेतली, काही बोलले नाहीत, वाकले आणि दोन्ही पापण्या हाताने हळूच वर-खाली करून पाहिल्या. मग मला म्हणाले, तू करून बघ. उजवी लोण्यासारखी हलत होती. डावी अडत अडत.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. दोन्ही डब्या एकाच टाकीवर, एकाच वाटेवर. पोकळी दोघींची बरोबरच कमी होते. ज्या पापणीचा सांधा मोकळा ती आधी उठते, जिचा गंजून किंवा जुन्या ग्रीसने आवळलाय ती तग धरते. म्हणजे आधी उघडणारी उजवी पापणी निरोगी होती आणि उशिरा उघडणारी डावी आजारी! मी निरोगी बाजूची चांगली डबी काढून फेकली होती. (फेकली नव्हती सुदैवाने, ती अजून फडताळात आहे आणि आजही पोकळी धरते.)

तेव्हा कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी दोन्ही बिजागऱ्या साफ करा, जुनं ग्रीस पुसून नवं लावा, प्लास्टिकचे बुश झिजलेत का पाहा. इंजिन बंद ठेवून, आणि पोकळी जाऊन पापण्या उघडल्यावरच बोटं आत घाला. अर्धवट पोकळी असताना डबी अचानक सुटली तर दांडा बोट चेपतो. दोन्ही पापण्या सारख्याच सहज हलायला लागल्या की मग कोण आधी उठतं या माहितीला काही अर्थ येतो.

यानंतर गळती शोधायची. बॉनेट उघडलं की छाती दडपते, कारण १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर धूर कमी करायच्या खटाटोपात या इंजिनांवर नळ्यांचं जंगल माजलं. घाबरू नका, पापण्यांची शाखा वेगळी ओळखता येते. बॉनेटखाली व्हॅक्यूमचा नकाशा छापलेली पट्टी असेल तर आधी तिचा फोटो काढा, आणि नळ्यांचेही काढा. एका वेळी एकच नळी काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मगच दुसरी. एकदम सहा नळ्या सोडणाऱ्याचे हाल मी प्रत्यक्ष पाहिलेत, कारण तो मीच होतो.

लागणारी हत्यारं म्हणजे काटा असलेला व्हॅक्यूमचा हातपंप, थोडी नवी व्हॅक्यूमची नळी, दोन-चार टी जोड, आणि मूठभर गोल्फ टी. हो, गोल्फच्या चेंडूखाली ठेवतात त्या लाकडी खुंट्या. कोणत्याही नळीच्या तोंडात अगदी मापात बसतात, इथले जुने मेकॅनिक हेच वापरतात. पक्कडीने नळी चिमटून बंद करायचा मोह होतो, तो टाळा. जुनी कडक नळी चिमटली की तिथेच तडकते, आणि एका गळतीच्या दोन होतात.

सुरुवात इंजिनापासून. गरम झालेलं इंजिन निवांत चालू असताना मॅनिफोल्डवर काटा लावा. समुद्रसपाटीच्या आसपास निरोगी इंजिन साधारण १७ ते २१ इंच पारा (व्हॅक्यूम याच मापात मोजतात) दाखवतं, उंचीवर दर हजार फुटांमागे जवळपास एक इंच कमी. काटा १२-१३ वरच घुटमळत असेल तर पापण्या विसरा, आधी इंजिनाचं बघा. एसीची हवा समोरून येण्याऐवजी काचेकडे जात असेल, पार्किंग ब्रेक आपोआप सुटत नसेल, तर आजार पापण्यांपुरता नाही, मुळाशी आहे. आणि एक्झॉस्टमधून पांढरा धूर, गियर उशिरा आणि धक्क्याने पडणं, आणि गियरबॉक्सचं तेल कुठेही न सांडता कमी होणं असं तिन्ही असेल, तर या गाडीच्या सी-सिक्स ऑटोमॅटिक गियरबॉक्सचा व्हॅक्यूम मॉड्युलेटर (व्हॅक्यूम बघून गियर कधी पडायचा ते ठरवणारी डबी) फाटून इंजिन ते तेल पितंय. त्याचा पापण्यांशी थेट संबंध नाही, पण नळ्या तपासताना हा सापडतो म्हणून सांगितलं.

मग एकमार्गी झडप. इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करा, आणि झडपेची इंजिनाकडची नळी काढा. कान लावा. झडपेच्या उघड्या तोंडातून सूं-सूं करत हवा आत ओढली जात असेल तर झडप गेली. पैशांच्या मानाने ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हीच. मला कोणी नुसता फोन करून विचारलं तर मी न बघता आधी हीच बदलायला सांगतो.

झडप ठीक निघाली तर पुढच्या वाटेचे तुकडे पाडायचे. टाकीच्या बाहेर पडणाऱ्या नळीत टी जोड बसवून त्यावर काटा लावा आणि पोकळी इंजिनाकडूनच भरून घ्या. टाकी हातपंपाने रिकामी करायला गेलात तर मनगट जाईल, हे मी करून पाहिलंय. इंजिन बंद केल्यावर काट्याचा आकडा आणि वेळ कागदावर लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा. मग टाकी पुन्हा भरून हेडलाइटचा स्विच ओढून, म्हणजे दिवे लावलेल्या स्थितीत, ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, म्हणजे दिवे जळत राहणार नाहीत. पुन्हा अर्धा तास. स्विच ओढलेला असताना काटा स्थिर आणि आत ढकललेला असताना घसरतो, तर गळती स्विचच्या पुढे, पापणी मिटवणाऱ्या नळ्यांत किंवा डब्यांत. दोन्ही वेळा सारखाच घसरतो, तर टाकी, तिच्या नळ्या किंवा स्विचमागची झडप. अर्ध्या गाडीला हात न लावता अर्धी गाडी निर्दोष सुटते.

डबी तपासायला हातपंपच उत्तम. थेट डबीच्या तोंडाला लावा, १५ इंच ओढा, आणि पाच मिनिटं काटा बघत बसा. जराही हलता कामा नये. काही डब्यांना दोन तोंडं असतात, एक मिटवायला आणि एक उघडायला, तर दोन्ही वेगवेगळी तपासा. माझ्या दोन्ही डब्या धडधाकट निघाल्या. मी बदललेलीही.

माझ्याकडे काटा स्विचच्या दोन्ही स्थितींत घसरत होता, म्हणून टाकी काढली. या काळच्या फोर्डच्या गाड्यांत ही टाकी बऱ्याचदा कॉफीच्या डब्यासारखी पत्र्याची असते. वरून झकास काळी दिसत होती. बाहेर काढून उलटी केली तर खालच्या कडेला मिशिगनच्या मिठाने, म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने, टाचणीच्या टोकाएवढी तीन भोकं पाडलेली. साबणाचं पाणी लावून नळीतून तोंडाने हळू फुंकलं की तिन्ही ठिकाणी बुडबुडे. कंप्रेसरची हवा इथे वापरू नका, गंजलेला पत्रा फाटून डोळ्यात जाईल. गंज घासून इपॉक्सी भरली. ज्याला मूळ वस्तूचा आग्रह नाही त्याने नंतरच्या गाड्यांत येणारा काळा प्लास्टिकचा गोळा बसवावा, तो गंजत नाही. मला आग्रह आहे, त्यामुळे दर दोन वर्षांनी इपॉक्सी.

पापण्या तीन दिवस राहिल्या. आधीपेक्षा खूप बरं, तरी मन भरेना. जुन्या गाडीत गळती एकच असते असं कोणी सांगितलंय? मोठी बुजवली की तिच्यामागे लपलेली बारीक दिसायला लागते. पुन्हा काटा, पुन्हा कागद. या वेळी संशय स्विचवर. डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून, कानाला रबरी नळी लावून ऐकलं तेव्हा फार बारीक फुसफुस ऐकू आली. बायको पाय बाहेर आलेले पाहून म्हणाली, "जिवंत आहात ना?"

स्विच काढायचा म्हणजे बॅटरीची तार आधी सोडायची, हे पुन्हा सांगतो, कारण हेडलाइटच्या स्विचमागे सतत वीज असते. मूठ पूर्ण बाहेर ओढून स्विचच्या अंगावरचं बारीक बटण दाबलं की दांड्यासकट मूठ हातात येते. हे माहीत नसताना ओढाओढ करून मुठी तोडणारे पुष्कळ. मागच्या व्हॅक्यूमच्या झडपेवर बहुनळी रबरी टोपी बसते. माझ्याकडे झडप शाबूत होती, ती टोपीच कडक होऊन एका कोपऱ्यात उचलली गेली होती. नवी टोपी मिळेपर्यंत प्रत्येक छिद्राला वेगळी नवी नळी जोडली आणि ती तात्पुरती सोय तीन वर्षं झाली तरी तशीच आहे. काढायला जीव होत नाही.

नळ्यांबद्दल एक. जुन्या नळीचा तुकडा कापून दुकानात न्या आणि आतलं माप जुळवून घ्या. इथे दोन-तीन वेगवेगळी मापं असतात, आणि सैल नळीवर टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे. मत्स्यालयाची पारदर्शक नळी तर मुळीच नको. उन्हात मऊ पडते आणि पोकळीने आतल्या आत चिकटते, मग पापणी ना धड मिटते ना उघडते.

उलटी तक्रारही येते कधीकधी: दिवे लावले तरी पापणी मिटलेलीच. हे मात्र गंभीर घ्या. पोकळी कुठेतरी अडकून पडलीय, नळी मुडपलीय किंवा बिजागरी आवळलीय. रात्री रस्त्यात असं झालं तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टाकीची नळी उपसून काढा. पोकळी गेली की स्प्रिंग आपलं काम करते. तरी अडली तर हाताने वर ढकला. थंडीत बर्फाने चिकटलेली असेल तर जोर लावू नका, कोमट पाणी.

आणि कृपा करून पापण्या मिटलेल्या दिसाव्यात म्हणून आतून तार किंवा प्लास्टिकचा पट्टा बांधू नका. विकायला काढलेल्या गाड्यांत हे सर्रास करतात. मी एकदा अशी मार्क फोर पाहिली, दिवे लावले तर पापण्यांच्या फटीतून उजेड येत होता. विजेवर चालणारा वेगळा व्हॅक्यूम पंप बसवणाराही एक मित्र आहे. पंप गळतीशी रात्रभर झुंजत राहिला आणि सकाळी बॅटरी संपली. पापण्या मात्र मिटलेल्या होत्या.

सध्या माझी गाडी आठ-नऊ दिवस डोळे मिटून उभी राहते. नोव्हेंबरात बॅटरी काढून, कापड घालून तिला एप्रिलपर्यंत ठेवतो तेव्हा त्या महिन्यातच केव्हातरी दोन्ही पापण्या उठतात, आणि कापडाखाली दोन टेंगळं दिसायला लागतात. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. यंदा फक्त एवढं पाहिलं की दोन्ही टेंगळं एकाच आठवड्यात आली.